तिथीची पाऊणपट

पहाटे ४.००

फाल्गुन वद्य चतुर्थी. शिमगा होऊन चार दिवस झाले, पण पालखी अजून वाडीवाडीतून फिरते आहे. रात्री उशिरापर्यंत ढोल वाजत होता. आता गाव गपगार.

तात्या ओसरीवर बसून बॅटरीच्या काचेला लाल जिलेटिनचा कागद बांधतायत. रबरबँड जुना. एकदा तुटतो, दुसऱ्यांदा तुटतो. तिसऱ्या वेळी सुतळी.

"चतुर्थी म्हणजे तीन," ते म्हणतात.

हा इथला हिशेब. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनला पूर्ण भरती होऊन गेली, आता पाणी उतरतंय. तात्या भरतीनंतर तासाभराने निघतात. लवकर गेलं तर कासवीण अजून पाण्यात असते. उशिरा गेलं तर कुत्री आधी पोचलेली असतात.

तात्या छप्पन्न वर्षांचे. काम कासवमित्राचं. वन विभागाचं, हंगामापुरतं, नोव्हेंबर ते मे. गावाचं नाव लिहू नका, गाड्या वाढतात, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणून एवढंच: रत्नागिरी जिल्ह्याचा उत्तरेकडचा किनारा, तीन किलोमीटरची पुळण, मागे सुरूचं बन.

सामान थोडं. हातात बोटाएवढी जाड, टोकाला गुळगुळीत केलेली काठी. एक प्लास्टिकची बालदी. मोजपट्टी, वही, दोन पेनं. दोन अशासाठी की वाळू गेली की एक चालत नाही.

चपला ओसरीवरच राहतात.

पहाटे ४.२०

चंद्र डोक्यावरून जरासा कलला आहे. बॅटरी बंद.

"लावली की डोळा मरतो," तात्या म्हणतात. "मग उजेडाच्या गोलात दिसतं तेवढंच दिसतं."

ते ओल्या आणि कोरड्या वाळूच्या सीमेवरून चालतात. भरतीचं पाणी जिथवर आलं तिथे काटक्या, शेवाळ, थर्माकोलचे तुकडे यांची एक रेघ पडते. कासविणीला अंडी घालायला या रेघेच्या वर यावंच लागतं. म्हणून ही रेघ धरून चाललं की तिची वाट चुकत नाही. वाळूत उभं-आडवं हिंडायचं कारण नाही.

कुर्ल्या पायाखालून तिरक्या पळतात. एका ठिकाणी कुत्र्यांचे पंजे दिसतात, तीन-चार जोड. तात्या वाकून बघतात. ठसे कडक झालेत.

"कालचे."

परत चालायचं. कुणी बोलत नाही. जायचे तीन किलोमीटर, यायचे तीन. रोज दोनदा, कधी तीनदा. ही वाट कुठल्या कागदावर किलोमीटरने मोजलेली नाही.

पहाटे ४.५०

मला काहीच दिसत नाही. तात्या थांबलेत.

मग हळूहळू दिसतं. वाळूवरून ट्रॅक्टरचं एकच चाक गेल्यासारखा पट्टा, दोन-अडीच फूट रुंद. दोन्ही कडांना वल्ह्यांचे फटकारे, एक उजवा, एक डावा, एकाआड एक. ऑलिव्ह रिडले अशीच चालते. मधोमध पोट घासल्याची गुळगुळीत वाट.

पट्टे दोन आहेत. एक काटक्यांच्या रेघेपाशीच सुरू होतो. दुसरा रेघ ओलांडून थोडा ओल्या वाळूत उतरलेला.

"हा येतानाचा, तो जातानाचा," तात्या बोट दाखवतात. "येतानाची खालची वाट भरतीने पुसली. जातानाची उरली. म्हणजे भरतं पाणी धरून आली आणि उतरत्या पाण्याबरोबर गेली. अर्धा-पाऊण तास झाला असेल हिला जाऊन."

दोन्ही पट्टे वर जिथे मिळतात तिथे मर्यादवेलीच्या अलीकडे वाळू विस्कटलेली आहे. जागा चांगली पाच-सहा फूट. अंडी त्यात नेमकी कुठे, हे कळू नये म्हणूनच तिने ती विस्कटलेली. अंडी घालून झाली की ती वाळू ओढते, अंग डावी-उजवीकडे आपटून ती दाबते आणि वर पुन्हा वाळू उडवते.

तात्या गुडघ्यांवर बसतात. काठी उभी धरून वाळूत हलकेच दाबतात. जात नाही. चार बोटं बाजूला. नाही. आणखी बाजूला. सातव्या-आठव्या वेळी काठी हाताला न विचारता आत जाते. तात्या ती लगेच थांबवतात.

"इथे."

जोर लावला असता तर काठी अंड्यात गेली असती. ती कुठे थांबवायची, हे कुठल्या प्रशिक्षणात शिकलात, असं मी विचारतो.

तात्या दोन्ही हातांनी वाळू काढायला लागलेत. "प्रशिक्षण कसलं? चोरीचं शिक्षण हे. आठ-नऊ वर्षांचा असताना आज्याबरोबर यायचो. खड्डा सापडला की पिशवी भरून घरी. खायची, उरली तर विकायची. तेव्हा यात कोणाला काय वावगं वाटत नव्हतं."

कोपरापर्यंत हात आत गेल्यावर ते थांबतात. बाहेर काढतात ते टेबल टेनिसच्या चेंडूएवढं पांढरं अंडं. ओलं, चामड्यासारखं मऊ. दाबलं तर खळगा पडेल असं.

पहाटे ५.१५

मोजणी. बालदीच्या तळाशी याच खड्ड्यातली ओली वाळू घातली आहे. अंडं जसं निघालं तसंच, न फिरवता, आत ठेवायचं. काही तासांत आतला जीव कवचाला वरच्या बाजूने चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं की तो मरतो. म्हणून घाईही करायची आणि धसमुसळेपणाही नाही.

तात्या पाच-पाचचा हिशेब ठेवतात. वीस झाली की वाळूवर बोटाने एक रेघ. पाच रेघा होतात, वर बारा.

"एकशे बारा."

मग खड्ड्याची खोली. मोजपट्टी अठरा इंच दाखवते. कासविणीने मागच्या वल्ह्यांनी, मागे न बघता खणलेला खड्डा. वर तोंड अरुंद, खाली पोट रुंद. घागरीसारखा.

वहीत लाल उजेडात लिहिलं जातं: तारीख, वेळ, जागा, संख्या, खोली. मग मोबाइलवर फोटो. मोबाइल तात्यांचा, रिचार्जही तात्यांचा.

पहाटे ६.००

बालदी सहा-सात किलोंची. ती न हिंदकळता दीड किलोमीटर न्यायची. तात्या हात बदलतात, पण बालदी खाली ठेवत नाहीत.

हॅचरी सुरूच्या बनापुढे, उधाणाचं पाणी पोचणार नाही अशा उंचीवर. लाकडी खांब, चारी बाजूंनी तारेची जाळी. ती फूटभर वाळूत पुरलेली, कारण कुर्ल्या आणि मुंगूस खालून येतात. वर हिरवं शेडनेट. आत ओळीने पाट्या आणि काही पाट्यांपाशी पालथ्या घातलेल्या बुरुडाच्या टोपल्या.

नवा खड्डा तात्या हातानेच खणतात. फावड्याने घागरीचं पोट होत नाही. काठीवर अठरा इंचांची खूण कोरलेली आहे, ती बुडेपर्यंत खणायचं. शेवटी पोटावर आडवं पडून, खांद्यापर्यंत हात घालून, तळ गोल करायचा. मग अंडी आत. शेवटी निघालेली आधी, आधी निघालेली शेवटी. वर तिच्याच खड्ड्यातली वाळू.

पाटी: २३. खाली तारीख. खाली ११२.

तात्या उठताना कंबरेला हात लावतात. इथून पुढे ४५ ते ६० दिवस. ऊन किती त्यावर.

सकाळी ६.४५

सातव्या पाटीची टोपली उचलली आणि खाली वळवळ. काळपट करडी, चार सेंटिमीटरची पिल्लं, एकावर एक. त्यांचा बावन्नावा दिवस. रात्री वाळू गार झाली की ती एकत्र जोर लावून वर येतात. टोपली नसती तर हॅचरीभर पांगली असती.

बालदीत मोजून घेतली. त्रेसष्ट.

पाण्यापासून दहा-बारा पावलांवर दोन काठ्यांना सुतळी बांधलेली. त्यापलीकडे लोकांनी जायचं नाही. लोक म्हणजे आज चारच. शिमग्याला आलेले मुंबईचे चाकरमानी, एक मूल खांद्यावर. मूल विचारतं, "आजोबा, पाण्यातच का नाही सोडत?"

"चालू दे त्यांना," तात्या म्हणतात. "वाट लक्षात राहायला हवी."

अंड्यावर आलेली मादी पुढे बहुधा जन्मलेल्या किनाऱ्याच्याच आसपास येते, असं मानतात. त्यासाठी ही दहा पावलं. पिल्लं ती पाच मिनिटांत पार करतात. काही दहा मिनिटांत. एक सारखं मागे वळतं. तात्या त्याच्या मागे हाताची भिंत करतात, उचलत नाहीत.

वर एक घार आली. तात्यांनी टोपी काढून हवेत फिरवली आणि शेवटचं पिल्लू पाण्यात जाईपर्यंत फिरवत राहिले. हजारातलं एखादं मोठं होतं, असं सगळे सांगतात. तात्यांना विचारलं तर म्हणाले, "आपण इथपर्यंतच. पुढचा हिशेब आपल्याकडे नाय."

सकाळी ८.१५

घर. चुलीपुढे काकी, तात्यांच्या पत्नी, भाकऱ्या थापतायत. भाकऱ्या या घरच्या नाहीत. शेजारच्या घरात पर्यटकांची सोय आहे, तिकडच्या. माणशी हजार-बाराशे रुपये, दोन वेळचं जेवण धरून. भाकरीमागे काकींना दहा रुपये मिळतात. आज तीस भाकऱ्या. पीठ त्यांचं, लाकडं यांची.

तात्यांपुढे कोरा चहा आणि रात्रीचा भात फोडणीला टाकलेला.

सध्या आंब्याची काढणी सुरू होतेय. बागेत पाचशे-सहाशे रुपये हजेरी आहे, वर नाश्ता. कासवाचं मानधन महिन्याचं. त्याला तिसाने भागलं तर बागेतल्या निम्म्या हजेरीलाही पोचत नाही. तात्या हा भागाकार करत नाहीत. काकी करतात.

"आणि जून ते ऑक्टोबर?"

"लावणी, बेणणी," काकी सांगतात. "आणि मग कापणी. तेव्हा हे माणसात असतात. रात्री झोपतात तरी."

तात्या ताटातला भात संपवतात. मग जिलेटिनचा कागद उन्हात वाळत घालतात. पाच रुपयांचा कागद, पण तालुक्याला गेल्याशिवाय मिळत नाही.

सकाळी १०.३०

वनरक्षक मोटारसायकलवरून येतो. सगळे त्याला गार्ड म्हणतात. वय अठ्ठावीस, गाव मराठवाड्यातलं. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नेमणुकीच्या पत्रामुळे. त्याच्याकडे असे चार किनारे आहेत, शिवाय मागचं जंगल, वणवे, बिबट्याने मारलेल्या गुरांचे पंचनामे.

दोघं हॅचरीच्या सावलीत बसून वही पडताळतात. तात्यांच्या वहीतून गार्डच्या नमुन्यात, नमुन्यातून परिक्षेत्र कार्यालयात, तिथून वर. महाराष्ट्राने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन केला. कोकणच्या किनाऱ्यावरच्या कासवांचे आकडे शेवटी तिथवर जातात. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे लोकही कधी येतात. कक्ष आणि ही संस्था यांनी मिळून जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाचा ट्रान्समीटर बसवला. तिचं नाव ठेवलं प्रथमा. पश्चिम किनाऱ्यावरची ती पहिली.

तात्यांना जास्त आवडते ती दुसरीची गोष्ट. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला एक मादी अंडी घालायला आली. तिच्या वल्ह्याला धातूचा बिल्ला होता. नंबर निघाला ओडिशाचा. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाने २०२१ मध्ये गहिरमाथ्याला लावलेला. म्हणजे पूर्वेचा समुद्र सोडून, खालून वळसा घालून ती इकडे आलेली. साडेतीन हजार किलोमीटर तरी.

"आमचे मुंबईवाले शिमग्याला येतात ते तिकीट मिळालं तर," तात्या म्हणतात. "हिला रिझर्व्हेशन नाय लागत."

गार्ड हसतो आणि लिहीत राहतो. संख्या ११२. तात्यांनी २ चा आकडा ७ सारखा काढलाय. तो विचारून घेतो.

कासव वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. अंडी नेली तरी तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड. मी गार्डला विचारतो, इथे कधी कोणावर गुन्हा नोंदवलाय का?

"माझ्या वेळी नाही," तो म्हणतो. "तात्या असताना कोण नेणार? कोण नेऊ शकतो, ते त्यांनाच माहीत."

तात्या दुसरीकडे बघतात. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला कासवांचं काम सुरू केलं. मग त्यांची माणसं आसपासचे किनारे पायी फिरली. या गावीही आली आणि कासवं येतात का, असं विचारलं.

"मी सांगितलं, नाय येत," तात्या म्हणतात. "दोन वर्षं सांगितलं. तिसऱ्या वर्षी त्यातला एक पोरगा माझ्या आधी किनाऱ्यावर येऊन बसला. रोज. थंडीत. मग लाज वाटली."

सकाळी ११.४०

फोन वाजतो. खडपाकडे मेलेलं कासव लागलंय.

दोन किलोमीटर उन्हातून. वाळू आता तापलीय, तात्यांनी चपला घातल्यात. ओहोटीमुळे खडप उघडं पडलंय आणि कडेला ती पडली आहे. मादी. मान ताठ, डोळ्यांवर माश्या. वास लांबूनच येतो. चार-पाच दिवस झाले असणार.

गार्ड नाकाला रुमाल बांधतो. तात्या बांधत नाहीत. मोजपट्टी पाठीवर धरतात. लांबी ६७ सेंटिमीटर. वल्ही चारही शाबूत. बिल्ला नाही. अंगावर जखम नाही. उजव्या वल्ह्याच्या मुळाशी घासल्याची खोल रेघ.

कासव फुप्फुसाने श्वास घेतं. जाळ्यात अडकून बराच वेळ खाली राहिलं की बुडून मरतं. ही तशीच मेली का, ते आता सांगता येणार नाही. पशुवैद्यकांना फोन झाला. शरीर फार कुजलेलं, शवविच्छेदनातून काही निघणार नाही. पंचनामा करून पुरायचं.

पंच हवेत. खडपाजवळ जाळं शिवत बसलेला एक होडीवाला येतो, आणि त्याचा भाचा. दोघं सही करतात.

"मोठ्या ट्रॉलरचं काम," होडीवाला म्हणतो. "आमच्या जाळ्यात आलं तर आम्हाला दिसतं तरी."

त्याला योजना माहीत आहे. जाळं कापून संरक्षित जीव सोडला, फोटो-व्हिडिओ पाठवला, तर पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते. २०१८ पासून आहे. ट्रॉलरच्या जाळ्याला एक चौकट बसवता येते, कोळंबी आत जाते आणि कासव झडपेतून बाहेर. ती आपल्याकडे बसवत नाहीत, म्हणून २०१९ पासून अमेरिका आपल्या समुद्रातली कोळंबी घेत नाही, हेही तो सांगतो. हे त्याला कोळंबीचा भाव पडला तेव्हा व्यापाऱ्याने सांगितलेलं.

"अंडी नेली तर पंचवीस हजार भर," तात्या म्हणतात. "जाळं कापलं तर पंचवीस हजार घे. सरकारने भाव बरोबर एकच धरलाय."

मग फावडं. भरतीच्या रेघेच्या बरंच वर, चार फूट खोल. कमी खणलं तर कुत्री उकरतात. वरची वाळू कोरडी, काढली तेवढी परत आत येते. तात्या खणतात, मग गार्ड खणतो, मग पुन्हा तात्या. एक तास जातो. चाळीस किलोंचं शरीर चौघं मिळून गोणपाटावर ओढतात. गोणपाट होडीवाल्याचा. तोही आत जातो.

"साठ रुपये," होडीवाला म्हणतो. कोणाला उद्देशून नाही.

दुपारी २.००

तात्या विहिरीवर अंघोळ करतात. दोनदा साबण. वास हाताला राहतोच. बांगड्याचं कालवण असूनही आज ते नुसतं ताक-भात खातात.

मग ओसरीवर आडवे. पंधरा मिनिटांत घोरायला लागतात. काकी पोरांना अंगणातून हाकलतात.

दुपारी ३.४५

पाचव्या पाटीतली पिल्लं तीन दिवसांपूर्वी निघाली. आता खड्डा उकरून हिशेब लावायचा. हे काम कुणाला आवडत नाही.

तात्या पुन्हा पोटावर. हात आत जातो आणि मूठ मूठ बाहेर येते. फाटलेली टरफलं एका ढिगात, न फुटलेली अंडी दुसऱ्यात. कुजलेल्या अंड्याचा वास आणि दुपारचं ऊन. तळाशी दोन पिल्लं जिवंत सापडतात. सुरूच्या मुळांत अडकलेली. मुळं बारीक, पण पिल्लासाठी गज.

वहीत: निघून गेलेली ८७. न फुटलेली १३. आत मेलेली २. जिवंत २. एकूण १०४. डाव्या बाजूला, जानेवारीत, १०४ लिहिलेलं. जुळलं.

तात्या मुळं विळ्याने तोडतात. पुढच्या वर्षी हॅचरी दहा हात पुढे घ्यायची, असं ठरवतात. तशीही जागा दर वर्षी बदलायची असते. जुन्या वाळूत बुरशी आणि मुंग्या राहतात.

एका खांबाला थर्मामीटर टांगलेला आहे. दुसरा वाळूत पुरलेला. तो बत्तीस दाखवतो. कासवाचं नर-मादी उष्णता ठरवते. तिशीच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. तात्या शेडनेटची सुटलेली कड पुन्हा ओढून बांधतात. खारं वारं तार खातं, म्हणून नायलॉनची दोरी. तीही दोन हंगामांपलीकडे टिकत नाही.

"मार्चात आधी एवढं तापायचं नाय," ते म्हणतात. आणि गाठ मारतात.

संध्याकाळी ५.४५

सुतळीमागे आता साठ-सत्तर माणसं. किनाऱ्याच्या वाटेवर चौदा गाड्या. चहाची एक टपरी उभी राहिलीय, कप दहा रुपये. संध्याकाळच्या फेरीला सातव्या पाटीची उरलेली पिल्लं निघाली आहेत. एकोणीस. शिवाय मुळांतली दोन. दुपारी ती ओल्या वाळूच्या टोपलीत सावलीला ठेवली होती.

"फ्लॅश बंद. हात लावायचा नाही. पुढे यायचं नाही." तात्या तीनदा सांगतात. आवाज मोठा करत नाहीत. चौथ्यांदा गार्ड सांगतो. त्याच्या अंगावर गणवेश आहे, तेव्हा लोक मागे सरतात.

पाणी उतरतंय. पिल्लांना लांब चालायचं आहे. लोक मोबाइल धरून खाली बसतात. पहिली लाट पहिल्या पिल्लाला उलटं करून परत वाळूवर टाकते. गर्दीतून हाय निघते. ते सरळ होतं आणि पुन्हा चालायला लागतं. दुसऱ्या लाटेला गेलं.

मुळांतली दोन सगळ्यांत शेवटी. एकाचं मागचं वल्हं नीट चालत नाही. तात्या त्याच्याजवळ उकिडवे बसलेत. सूर्य टेकेपर्यंत बसतात. लोक टपरीकडे वळलेत. ते पिल्लू गेलं तेव्हा पाहायला आम्ही तिघंच होतो.

एक गृहस्थ जाताना तात्यांच्या हातात शंभराची नोट ठेवू पाहतात. तात्या हॅचरीच्या दारावरच्या पेटीकडे बोट दाखवतात. पेटी ग्रामपंचायतीची.

रात्री ८.३०

बनाच्या टोकाला राहण्याची नवी जागा झाली आहे. समुद्राकडे तोंड करून सहा दिवे, पांढरे, झगझगीत. पिल्लं उजेडाकडे चालतात. खुल्या किनाऱ्यावर रात्री सगळ्यांत उजळ समुद्राची बाजू असते, म्हणून. तिथे दिवे लागले की ती बनात शिरतात आणि सकाळी कावळे टिपतात.

तात्या दारात उभे राहतात. आत बोलावलं तरी जात नाहीत, पायाला वाळू आहे.

"दिवे तेवढे बंद करा. मेपर्यंत."

व्यवस्थापक तरुण आहे. पाहुण्यांना अंधार चालत नाही, म्हणतो. मग चार बंद करतो. दोन ठेवतो.

तात्या दोन मिनिटं तिथेच उभे. काही बोलत नाहीत. मग व्यवस्थापक पाचवाही बंद करतो.

परतीच्या वाटेवर तात्या म्हणतात, "सहावा उद्या."

रात्री ९.४५

पालखी आज या वाडीत आहे. ढोल पुन्हा सुरू झालाय. अंगण सारवलेलं, काकींनी ओटी भरायचं ताट काढून ठेवलंय. नारळ चाळीसचा. भाकऱ्यांच्या तीनशेतून.

पालखी नाचत अंगणात येते. तात्या नमस्कार करतात, खांदा देतात, दोन गिरक्या घेतात. कंबर दुखते हे चेहऱ्यावर दिसतं. मग बाजूला होऊन ओसरीच्या दिव्याखाली वही उघडतात.

आजचं पान: नवीन खड्डा १, अंडी ११२. पिल्लं सोडली ८४. मृत मादी १, लांबी ६७, पुरली. हॅचरीतलं तापमान ३२. सही.

कोणी किती चालला, यासाठी वहीत रकाना नाही.

तात्या मोबाइलवर गजर लावतात. उद्या पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार. त्यात तास मिळवला की पावणेपाच. भरती रोज सरकते, तसा गजरही सरकतो.

"पाऊण तास जास्त झोप," ते म्हणतात, आणि सुतळी बांधलेली बॅटरी उशाशी ठेवतात.